'शेड्युल्ड' म्हणजे खालचा नव्हे!

नाहूर स्टेशनवर लोकल उशिरा आली की 'आज शेड्युल कोलमडलं' असं सगळेच मोठ्याने म्हणतात. पण त्याच शब्दापुढे 'कास्ट' आलं की आवाज खाली जातो. नाहूर-भांडुप-मुलुंडच्या ऑफिसांत काम करणारी आमची शिकलेली मुलं-मुली 'एससी' ही दोन अक्षरं कुजबुजत उच्चारतात. कुणी 'कॅटेगरीवाला' म्हणून टोमणा मारला तर हसून विषय बदलतात. मित्रांनो, लाज कशाची? आधी हा शब्द काय आहे ते तरी बघू.

लॅटिनमध्ये 'स्केडा' म्हणजे पपायरसच्या कागदाची पट्टी आणि 'स्केडुला' म्हणजे छोटी पट्टी, चिठ्ठी. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. कायद्याच्या कागदाला जोडलेल्या चिठ्ठीला आणि पुढे तिच्यावरच्या यादीला 'शेड्युल' म्हणू लागले. वेळापत्रक हा अर्थ तर 19व्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वेमुळे रुळला. म्हणजे या शब्दात ना विटाळ आहे, ना नीचपणा, ना दया. शेड्युल्ड म्हणजे कायद्याच्या यादीत नोंदवलेला. बस्स!

आता आधीची नावं आठवा. 'अस्पृश्य' या शब्दातच शिवी होती. 'डिप्रेस्ड' हाही लॅटिनमधूनच आलेला. त्याचा अर्थ खाली दाबलेला, पण दाबलं कुणी हे तो शब्द सांगत नव्हता. 1931 साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव बदलण्याची मागणी लेखी केली. पुढे 'हरिजन' हे नाव कायद्यात घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा 1938 साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांनी आपल्या पक्षासह सभात्याग केला. कुणाच्या दयेने मिळालेलं नाव आम्हाला नको होतं आणि आजही नको आहे.

'शेड्युल्ड कास्ट्स' हे नाव 1935च्या कायद्यातून आलं आणि 1936च्या आदेशात यादी आली. 1942 साली नागपुरात बाबासाहेबांनी 'शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन' काढलं. सरकारी यादीतला रुक्ष शब्द त्यांनी आपल्या झेंड्यावर घेतला! आज संविधानाच्या कलम 341 प्रमाणे राष्ट्रपतींनी काढलेल्या या यादीत बदल करायचा तर संसदेला कायदा करावा लागतो. कुणा मंत्र्याच्या लहरीवर ती चालत नाही. हे नाव आमची लायकी सांगत नाही, ते राज्यसंस्थेवर असलेली जबाबदारी सांगतं. मग मान खाली कुणी घालायची?

पण यादी म्हणजे मुक्ती नव्हे, हेही तितकंच ठणकावून सांगायला हवं. 1950च्या आदेशाने यादीला धर्माची अट जोडली. 1956 साली दीक्षा घेऊन आमची माणसं बौद्ध झाली आणि केंद्राच्या यादीतून बाहेर फेकली गेली. जात छळत राहिली, पण हक्क गेला! तो परत मिळायला 1990 साल उजाडलं. चौतीस वर्षं! सवलती जातील हे दिसत असूनही ती माणसं धम्म सोडून मागे फिरली नाहीत. चिठ्ठीपेक्षा स्वाभिमान मोठा, हा धडा त्यांनी दिला.

आजही या चिठ्ठीसाठी ढीगभर चिठ्ठ्या मागतात. 10 ऑगस्ट 1950 पूर्वी आजोबा-पणजोबा महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा आणा! ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, शाळेत बसू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांकडून जुने शाळेचे दाखले मागायचे, याला काय म्हणायचं? तरी कागद जमवा. दहावीचा निकाल लागण्याची वाट न बघता जात पडताळणीची तयारी करा. वस्तीतल्या ज्याला अर्ज भरता येत नाही त्याच्याशेजारी बसून भरून द्या.

आणि हो, 'एससी' ही आमची ओळख नाही, ती आमच्या हक्काची नोंद आहे. ओळख आम्ही स्वतः निवडली आहे: आम्ही बौद्ध आहोत, आंबेडकरी आहोत. पण म्हणून ती नोंद लपवायचं काहीच कारण नाही. यापुढे कुणी 'तुम्ही शेड्युल्ड का?' म्हणून खवचटपणे विचारलं तर मान वर करून सांगा, 'होय, कायद्याने लिहून ठेवलेलं देणं आहे ते. अजून पूर्ण फेडलं गेलेलं नाही.'

जय भीम!