काच आमची, गिट्टी कुणाची?

अमरावती-अकोला रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही. वर्षानुवर्षं रखडलेल्या याच रस्त्यावर जून 2022 मध्ये, 3 ते 7 तारखेदरम्यान, लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. 720 माणसं रात्रंदिवस राबली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, जेमतेम 25 किलोमीटरचा. आम्हा वऱ्हाडी माणसांना त्या विक्रमाचं कौतुक जास्तच, कारण त्याआधी मूर्तिजापूर येईस्तोवर हाडं खिळखिळी व्हायची.

रस्ता गुळगुळीत झाला, तसा वेगही वाढला. खडीचा कण काचेवर आदळतो तेव्हा वेग दीडपट झाला तर फटका दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. ताशी 60 ने जाताना जो खडा नुसता टक् करून निघून जायचा, तो ताशी 90 ला काचेत घर करतो. रस्ते बांधायला, घरं बांधायला गिट्टी लागतेच. टिप्पर, डंपर धावणारच. पण त्यांच्यातून उडालेल्या खड्याचं बिल मागून येणाऱ्याने निमूट भरायचं, हा रिवाज कुणी पाडला?

माझं बडनेऱ्यात कृषी केंद्र आहे. बियाणं, कीटकनाशकं, फवारणीचे पंप. मालासाठी अकोला, वसुलीसाठी दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर. गाडी मीच चालवते. गेल्या उन्हाळ्यात बोरगाव मंजूच्या अलीकडे पुढच्या टिप्परमधून खडा आला आणि काचेच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढा तारा उमटला. त्या टिप्परवर ताडपत्री नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. गुंडाळी करून केबिनच्या मागे नीट बांधून ठेवलेली होती.

गाडी आधी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मुलाने काचेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, पूर्ण काच बदलावी लागेल. साडेअकरा हजार. पण इन्शुरन्समधून करून देतो, तुमचे फक्त हजार रुपये जातील.” मग अकोल्यातल्या एका काचवाल्याकडे गेले. त्याने आतून बोट फिरवून पाहिलं. “ताई, कायले बदलता? आतली काच तं शाबूत हाय. भरून देतो न.” 700 रुपये आणि अर्धा तास. तडा आजही तिथेच थांबलेला आहे.

आता त्या ‘फक्त हजार रुपयां’चा हिशेब मांडते, कारण सगळी गोम तिथेच आहे. दुकानदार असल्याने मला उधारी दिसते तशी ही उधारीही दिसली. हजार रुपये ही सक्तीची कपात. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 1,000 आणि त्यावरच्या इंजिनाला 2,000. ती सगळ्यांना सांगतात. सांगत नाहीत तो नो क्लेम बोनस. सलग पाच वर्षं दावा केला नसेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ती सूट शून्य होते. मग पुन्हा पायरी पायरीने चढायचं: 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50. दावा केलाच नसता तर दरवर्षी 50 टक्के मिळत राहिले असते. म्हणजे पहिल्या वर्षी 50 टक्क्यांचा तोटा, मग 30, 25, 15 आणि 5. बेरीज 125 टक्के. माझा हा हप्ता सूट न धरता 8,000 रुपये आहे. त्याचे 125 टक्के म्हणजे 10,000. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता उतरतो, म्हणून दोनेक हजार कमी धरू. वर ते हजार. साडेअकरा हजारांच्या ‘फुकट’ काचेसाठी मी पाच वर्षांत नऊ हजार हप्त्याहप्त्याने भरले असते, आणि तेही 700 रुपयांत भागणाऱ्या कामासाठी.

याचा अर्थ विम्याला हातच लावू नका, असा नाही. ज्यांच्या काचेमागे कॅमेरा आहे, पावसाचा सेन्सर आहे, त्यांची काच बरीच महाग पडते आणि बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणीही करून घ्यावी लागते. तिथे दावा करावा. बोनस वाचवणारी जोडपॉलिसी घेतली असेल, तर हिशेब आणखी बदलतो. आणखी एक गोष्ट पॉलिसी विकताना कुणी बोलत नाही. काचेला घसारा लागतच नाही. साध्या पॉलिसीतही काचेची पूर्ण किंमत धरली जाते. घसारा कापला जातो तो रबर, प्लॅस्टिक, धातू अशा इतर भागांवर. तेव्हा ‘काचेसाठी तरी झिरो डेप (घसारा न कापणारी जोडपॉलिसी) घ्या’ असं कुणी गळी उतरवू लागलं, तर त्याला हे ऐकवा. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही.

काच भरता येते कशी, तर समोरची काच मुळात एक नसतेच. दोन काचांच्या मधे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा दाबून बसवलेला असतो. खडा बहुतेक वेळा बाहेरचीच काच फोडतो. कारागीर त्या खड्ड्यातली हवा खेचून घेतो, दाबाने रेझिन भरतो, त्यावर अतिनील दिवा धरतो आणि वाळल्यावर ब्लेडने खरवडून साफ करतो. काच नव्यासारखी होत नाही, बारीक डाग राहतो. तडा पळायचा मात्र थांबतो. बाजूच्या आणि मागच्या काचांचं हे जमत नाही. त्या फुटल्या की दाणेदार चुरा होतात, त्या बदलाव्याच लागतात.

समोरचीही प्रत्येक काच भरू नये. तडा वीतभर लांब गेला असेल, काचेच्या कडेपर्यंत पोचला असेल, आतली काचही तडकली असेल किंवा घाव चालवणाऱ्याच्या नजरेच्या ऐन समोर असेल, तर बदलण्याला पर्याय नाही. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश त्या डागावर फुटला तर क्षणभर काहीच दिसत नाही. तिथे 700 रुपयांत भागवणारा स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवाशी खेळतो.

वऱ्हाडात काच भरून घ्यायला फारसा वेळ मिळतच नाही. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा 45 च्या आसपास असतो. उन्हात उभी गाडी आतून भट्टी झालेली, आपण बसतो आणि एसीचा झोत थेट काचेवर सोडतो. बाहेरून तापलेली, आतून गार पडलेली काच ताण सहन करत नाही आणि सकाळचा तारा संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला असतो. म्हणून खडा लागला की पहिल्यांदा घावावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ आणि पाणी आत गेलं की रेझिन नीट बसत नाही. गाडी धुऊ नका. सावलीत लावा, खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, एसीचा झोत पायांकडे वळवा. फेविक्विक, नेलपॉलिश, टूथपेस्ट हे मोबाइलवर फिरणारे उपाय तर मुळीच करू नका. घावाचं तोंड बंद झालं की मग कारागीरही हात वर करतो.

काच बदलायचीच वेळ आली, तर स्वस्त आणि भिकार यांतला फरक ओळखता यायला हवा. बाजारात त्याच गाडीची काच वर्कशॉपच्या निम्म्या भावात मिळू शकते आणि ती वाईटच असते असं नाही. चाकणला तयार होणाऱ्या काचा कंपन्यांच्या गाड्यांनाही बसतात आणि बाजारातही येतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बघा: बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयची खूण, आयएस 2553 हा आकडा आणि लॅमिनेटेड हा शब्द. हे नसेल तर हजार रुपये वाचले तरी ती काच घेऊ नका. भंगारातल्या गाडीतून काढलेलीही नको. धुळीने घासलेली काच उन्हात डोळे दिपवते. दुसरं, काच कशाने चिकटवणार ते विचारा. जुन्या मारुती 800 किंवा जीपची काच रबरात बसायची, कारागीर दोरी घालून ती ओढून बसवायचा. आताच्या गाड्यांची काच पीयूनेच (पॉलियुरेथेनने) चिकटवतात, कारण अपघातात टपाला ती आधार देते आणि शेजारच्या सीटची एअरबॅग तिच्याच आधाराने फुगते. साध्या सिलिकॉनवर बसवलेली काच त्या क्षणी निघून येऊ शकते. पीयू सुकायला कारागीर सांगेल तेवढा वेळ गाडी हलवू नका, त्या दिवशी दारं आपटू नका. वर्कशॉपला विचारायला संकोचतो ते सगळं काचवाल्याला विचारता येतं, आणि चांगला कारागीर सांगतोही.

हा झाला आपला आपण वाचवायचा खर्च. पण सगळी शहाणपणाची जबाबदारी मागच्या गाडीवाल्याने का घ्यावी? विमा कंपन्यांकडे आणि विमा नियामकाकडे माझी पहिली मागणी आहे: काच भरून घेण्याचा दावा नो क्लेम बोनसच्या बाहेर ठेवा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सर्वसमावेशक विमा असलेल्याला समोरच्या काचेसाठी कपात लावायला कायद्यानेच मनाई आहे. 700 रुपयांचं बिल कंपनीने विनाअट दिलं, तर उद्याचं साडेअकरा हजारांचं बिल तिचंच वाचतं. आजची पद्धत मात्र गाडीवाल्याला एक तर तडा घेऊन फिरायला लावते, नाही तर थेट पूर्ण काच बदलायला.

दुसरी मागणी जिल्हा प्रशासनाकडे, आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. जानेवारी 2018 मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. हवेतल्या धूलिकणांनी मर्यादा ओलांडलेल्या शहरांत बांधकामाचं साहित्य उघड्या वाहनातून नेण्याला त्या नियमांनी मनाई केली. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्रातली जी शहरं आहेत, त्यांत अमरावती आहे आणि अकोलाही आहे. म्हणजे आपली हवा धुळीची आहे हे सरकारी कागदावर मान्य आहे. तरीही शहराच्या तोंडाशी उघडे टिप्पर शिरतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा दंड ठेवला. फाळक्याच्या वर रचलेली गिट्टी हा त्या दंडाचा चालताबोलता पुरावा आहे.

‘ज्याच्या गाडीतून खडा उडाला त्याच्याकडून वसूल करा’ असं कुणी म्हणेल. कायदा म्हणतोच. टिप्परच्या थर्ड पार्टी विम्यातून दुसऱ्याच्या मालमत्तेची भरपाई मिळू शकते. पण त्यासाठी चिखलाने माखलेली नंबरप्लेट वाचायची, तक्रार नोंदवायची, न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायच्या. काही हजारांच्या काचेसाठी हे कोण करतं? म्हणूनच नुकसानीनंतरच्या भरपाईपेक्षा खाणीच्या दारातली अडवणूक उपयोगी. गौण खनिजाची प्रत्येक खेप निघताना महाखनिज प्रणालीतून वाहतूक पास निघतो. त्या पाससोबत ताडपत्री बांधलेल्या गाडीचा फोटो सक्तीचा करा. ताडपत्री चालकाच्या पगारातून नव्हे, मालकाच्या खर्चाने असावी. चालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात आणि ताडपत्री बांधायला लागणाऱ्या दहा मिनिटांचे कुणी देत नाही.

105 तासांत 75 किलोमीटरचा थर टाकणाऱ्या यंत्रणेला दहा मिनिटांत ताडपत्री बांधून घेणं अवघड नाही. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, दोन्हीकडच्या परिवहन अधिकाऱ्यांनी मिळून एवढा एक आदेश काढावा आणि पाळला जातो की नाही हे खाणीवर जाऊन पाहावं. वाचकांनीही एक करावं. उघडा टिप्पर पुढे दिसला तर अंतर ठेवा, गाडीत साधा डॅशकॅम बसवा आणि नंबर दिसला की परिवहन कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एका तक्रारीने काही होणार नाही. शंभर तक्रारींची पोच टेबलावर आली की मात्र उत्तर द्यावंच लागतं.