इटलीतला भाकरतुकडा

इटलीला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या सामानात दशम्या, चिवडा आणि लोणच्याची बरणी यांचे स्थान पासपोर्टाच्या खालोखाल असते. सहलीचा व्यवसाय करणारेही रोम-फ्लॉरेन्समध्ये रात्रीच्या जेवणाला वरण-भाताची हमी देतात आणि ती जाहिरातीत ठळक टाइपात छापतात. परमुलखात पोटाची आबाळ होऊ नये, ही चिंता समजण्यासारखी आहे. परंतु ज्या देशातील माणसे एक जेवण चालू असतानाच पुढच्या जेवणाविषयी बोलत असतात, तेथे आठ दिवस राहून तेथला घास न घेता परतणे म्हणजे देवळाचे आवार हिंडून गाभाऱ्याकडे पाठ फिरविणे होय.

गैरसमजाचे मूळ बहुधा आपल्याच शहरांत आहे. चीजच्या थराखाली गुदमरलेला जो पदार्थ मुंबई-पुण्यात इटालियन म्हणून मिळतो, त्याचा त्या देशातील रोजच्या जेवणाशी दूरचाच संबंध आहे. नेपल्सच्या मार्गेरिता पिझ्झावर टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या कुळातील बेसिलची पाने आणि थोडे तेल, एवढाच संभार असतो. तस्कनीचा पाव तर अळणी. तो शिळा झाला की पाण्यात भिजवून पिळतात आणि टोमॅटो, कांदा, काकडी, ऑलिव्हचे तेल व शिरका घालून कालवतात. हिवाळ्यात तोच पाव घेवडा व काळसर कोबीबरोबर पुनःपुन्हा उकळतात. आपला फोडणीचा भात किंवा पोळीचा कुस्करा ज्या गरजेतून जन्मला, तिच्यातूनच हेही जन्मले. लिग्युरियात आणि पालेर्मोत तर चक्क हरभऱ्याचे पीठ भेटते: एके ठिकाणी भट्टीत भाजलेल्या जाड धिरड्याच्या रूपाने, तर दुसऱ्या ठिकाणी तळलेल्या वडीच्या. टोमॅटो आणि मिरची या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातून जशा आपल्याकडे आल्या तशाच इटलीतही आल्या. तेव्हा या स्वयंपाकघराला अगदीच परके मानण्याचे कारण नाही.

मात्र या साधेपणाचे फाजील कौतुकही बरे नव्हे. साधे जेवण ही तेथील शेतकऱ्याची आवड नव्हती. त्याच्या हाती दुसरे काही नव्हते. तस्कनीत कुळाच्या पिकाचा अर्धा वाटा जमीनमालकाकडे जाई. उत्तर इटलीत एकोणिसाव्या शतकात मक्याच्या कण्यांवर गुजराण करणाऱ्या लोकांत पेलाग्रा या रोगाने थैमान घातले. मक्यातील आवश्यक जीवनसत्त्व चुनखडीची प्रक्रिया केल्याविना अंगी लागत नाही, ही मेक्सिकोतील बायकांची युक्ती मक्याबरोबर युरोपात आली नाही. १८७६ ते १९१५ या काळात एक कोटीहून अधिक इटालियन माणसे देश सोडून गेली. ती चवीच्या शोधात गेली नव्हती.

ज्याची एकेकाळी लाज वाटे, त्याचा अभिमान वाटू लागायला पुढे भरल्या पोटाची पिढी यावी लागली. १९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ अमेरिकन हॅम्बर्गरचे दुकान निघाले, तेव्हा निदर्शकांनी लोकांना पास्ता वाटला. कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्लो फूड’ चळवळीने १९८९ साली पॅरिसमध्ये आपला जाहीरनामा मांडला. डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या समितीने इटलीच्या पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ही बैठक दिल्लीत भरली होती आणि तिनेच आपल्या दीपावलीलाही तो मान दिला.

प्रवाशाला या साऱ्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते महागही नाही. प्रसिद्ध चौकातील, छायाचित्रांचे फलक लावलेले उपाहारगृह टाळून दोन गल्ल्या आत जावे. मंडईतून पाव, टोमॅटो आणि मूठभर ऑलिव्ह घ्यावीत. वसंतात आर्टिचोक, उन्हाळ्याच्या अखेरीस अंजीर, नोव्हेंबरात नुकतेच गाळलेले, जिभेला किंचित झोंबणारे तेल. ऋतू सोडून काही मागू नये. कडक शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे की पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात आणि काही प्रांतांतील रोट्यांत डुकराची चरबी असते. विचारण्यात संकोच नसावा.

आणखी एक गोष्ट विचारण्याजोगी आहे, ती म्हणजे हा ताजा भाजीपाला कोणाच्या हातून येतो. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस लातिनाजवळच्या शेतावर एका भारतीय मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात न नेता घराजवळ टाकून देण्यात आले, आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. मजुरांची पिळवणूक करणाऱ्या मुकादमांविरुद्ध व मालकांविरुद्ध कडक कायदा त्या देशाने २०१६ सालीच केला होता.

उत्तरेकडे, पो नदीच्या खोऱ्यात, पार्मेझानसाठी लागणारे दूध ज्या गोठ्यांतून येते तेथे पंजाबी गडी कित्येक वर्षे धारा काढीत आहेत, आणि तेथे त्यांचे बस्तानही बरे बसले आहे. नोव्हेल्लारा गावी त्यांनी मोठा गुरुद्वारा बांधला. २००० साली रोमानो प्रोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथील लंगरात डाळ-रोटी मिळते. वरण-भाताच्या शोधात असलेल्या सहलींच्या मार्गावर मात्र हे गाव येत नाही.