विंटर टायर हवेतच का?

जर्मनीत ऑनसाइट गेलात, सेकंडहँड गाडी घेतलीत, विकणारा म्हणाला, "ऑल-व्हील ड्राइव्ह आहे!" बस्स, आपण निश्चिंत. अहो, त्यानं गाडी बर्फातून निघेल. थांबवायला टायरच लागतो. साधारण ७ अंशांखाली समर टायरचं रबर कडक होतं, बर्फ नसला तरी पकड कमी होते. विंटर टायर मऊच राहतो. शिवाय बर्फाळ रस्त्यावर तो तिथे २०१० पासून सक्तीचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतंच. नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही. चिन्हवाले ऑल-सीझन शहरापुरते ठीक. आल्प्समध्ये स्कीइंगचा प्लॅन असेल, तर मात्र अस्सल विंटरच, तेही चारही! काढलेले टायर ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नाही? गॅरेजवाले पैसे घेऊन सांभाळतात. त्याला म्हणतात चक्क 'टायर हॉटेल'!