गावी जाणं हीसुद्धा ट्रिपच असते!

आमच्या विरारमध्ये कोणालाही विचारा, "काय, यंदा कुठे फिरायला?" उत्तर येतं, "कुठे नाही रे, गावीच." या 'गावीच'मधला 'च' फार महाग पडतो. कसा, ते सांगतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत मित्रांच्या ग्रुपवर व्हिएतनामची टूम निघाली. पॅकेज ६०,०००. कार्डावर सहा महिन्यांचे हप्ते. म्हटलं, दहा हजार तर महिन्याला, त्यात काय! प्रत्यक्षात ई-व्हिसाचे २५ डॉलर, मध्यरात्रीच्या फ्लाइटसाठी विरार ते विमानतळ कॅब, तिथलं खाणंपिणं, खरेदी असं करत आकडा ८२,००० वर गेला. ट्रिप मस्त झाली, खोटं कशाला बोलू?

पण त्या वर्षी गणपती होते २७ ऑगस्टला. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २५ ऑगस्टच्या गाडीसाठी २६ जूनला सकाळी आठला लॉगिन करून बसायला हवं होतं. मी त्या दिवशी रिलीजमध्ये अडकलेलो. आठवण झाली तेव्हा नुसती वेटिंग लिस्ट! तत्काळही हाती लागलं नाही. शेवटी चौघांनी दुप्पट भाडं देऊन खाजगी बस पकडली. मुंबई-गोवा हायवे, रात्रभर धक्के. कुडाळला उतरलो तेव्हा बाबांचे दोन्ही पाय सुजलेले. ते चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही नाही आलो तरी चालेल रे. तुला उगाच त्रास."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. त्रास मला नव्हता, माझ्या हिशोबात त्यांची ट्रिपच नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत: प्रवासाच्या बजेटमध्ये पहिली ओळ गावाची. व्हिएतनाम, मनाली, बाली वगैरे त्याखाली. 'आपलंच घर आहे, तिथे कसला खर्च?' हा शुद्ध भ्रम आहे. मी एकदा मांडून बघितलं. गणपती १८,०००, मे महिना १५,०००, एखादं लग्नकार्य ९,०००. झाले की ४२,०००! महिन्याला साडेतीन हजार. हा खर्च होणारच असतो, आपण फक्त तो लिहीत नाही. मग ऑगस्टमध्ये 'अचानक' येतो. गणपती काय अचानक येतात का राव?

आता मी महिन्याला ६,००० ची आरडी लावलीय. साडेतीन हजार गावाचे, अडीच हजार भटकंतीचे. भटकंतीचे वर्षाला ३०,००० जमतात. या हिशोबाने ती व्हिएतनामची ट्रिप मला पावणेतीन वर्षांनी परवडली असती. हप्त्याने नेमकं हेच लपवलं होतं.

आणखी दोन गोष्टी. खर्च नेहमी घरापासून घरापर्यंत मोजायचा, विमानतळापासून नाही. विरारकरांनी तर नक्कीच! आणि पगारात एलटीए असेल, जुनी करप्रणाली घेतली असेल, तर रजा घेऊन केलेला गावचा प्रवासही त्यात बसतो. चार कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदा (२०२२-२५ नंतरचा ब्लॉक २०२६-२९), भारतातला, फक्त प्रवासभाडं. अवलंबून असलेले आईवडीलही चालतात. तिकिटं जपून ठेवा. नव्या करप्रणालीत मात्र ही सूट नाही. आणि व्हिएतनामला ती कुठल्याच प्रणालीत नाही :)

"तरुणपणी नाही फिरायचं तर कधी?" असं मित्र विचारतात. बरोबर आहे, फिराच. मीही फिरणार आहे. पण आपलं तरुणपण आणि आईबाबांचे गुडघे एकाच वेळी खर्च होत असतात. त्यातलं एक जरा लवकर संपतं.

असो. मोबाइलमध्ये आता दोन अलार्म कायमचे आहेत. एक पगाराच्या दिवशी आरडीचा. दुसरा, गणपतीच्या गाडीआधी बरोबर ६० दिवस, सकाळी पावणेआठचा. रिलीज असली तरी.