तक्रार नाही, म्हणून सगळे ठीक?



गेल्या पावसाळ्यात एका निवासी शाळेत मोठ्या मुलींचे शिबिर घेतले. शाळेचे नाव मुद्दामच देत नाही. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे वर्षभरात एकही तक्रार नाही." तक्रारपेटी त्यांच्याच खोलीच्या दाराशी टांगलेली होती. चिठ्ठी टाकायला कोण आली, हे साऱ्या शाळेला दिसावे अशी.

दुपारी मुलींना शाळेचा नकाशा काढायला सांगितला. जिथे जायची भीती वाटते तिथे लाल खडूने फुली मारा, म्हटले. पाच गट, पाच नकाशे, आणि तीन फुल्या सगळ्यांत सारख्या: न्हाणीघराकडची अंधारी वाट, एस. टी. थांब्यामागची पडकी भिंत आणि अधीक्षिकांची रिकामी खोली. ते पद भरलेलेच नव्हते.

घोडेगावात काम करताना हा प्रश्न टाळता येत नाही. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथेच आहे. भीमाशंकरच्या डोंगरातल्या, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतल्या कितीतरी महादेव कोळी आणि ठाकर मुली आश्रमशाळेत राहून शिकतात. आईला सांगायचे तर आधी सुट्टी लागावी लागते.

तक्रार नसणे म्हणजे अत्याचार नसणे नव्हे, हे आपण बायकांनी केव्हाच ओळखले होते. डेल्बर्ट इलियट या अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञाने ते आयुष्यभराच्या अभ्यासातून दाखवले. पोलिसांच्या नोंदींवर विसंबून न राहता त्यांनी 1976 पासून 11 ते 17 वयाच्या सतराशेहून अधिक मुलामुलींनाच थेट विचारले, आणि ती मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नोंदींपलीकडची हिंसा किती मोठी असते ते त्यातून दिसले. 1992 मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हिंसा रोखण्याच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. त्याच राज्यात 2013 मध्ये एका शाळेत विद्यार्थ्याने गोळीबार केला. पुढे अभ्यासकांना आढळले की त्याच्या रागाची माहिती अनेकांना आधीच होती. ती योग्य माणसापर्यंत पोचलीच नाही. बंदुका आपल्याकडे नाहीत, म्हणाल. पण माहिती अडकून राहण्याची जागा तीच आहे.

ती मोकळी कशी करायची, याचे एक उत्तर आपल्याच राज्यात आहे. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेली, शिकलेली समाजकार्यकर्ती. तिने आधी ऐकायचे, नोंद करायची, बाईला काय हवे ते विचारायचे, आणि मग पोलिसांना त्यांचे काम करायला लावायचे. आज असे कक्ष राज्यभर आहेत. समाजकार्याचा अभ्यास करताना मला या कामाने जितके शिकवले तितके पुस्तकांनी नाही.

शाळेत मात्र अशी खुर्ची आपण ठेवलेलीच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यानंतर जिकडेतिकडे कॅमेऱ्यांची चर्चा झाली. कॅमेरे बसवा, हरकत नाही. पण कॅमेरा झालेले दाखवतो. होऊ घातलेले मैत्रिणीला ठाऊक असते, आणि ती ते कॅमेऱ्याला सांगत नाही.

म्हणून गटांना विनंती आहे. आपल्या भागातल्या शाळेत दर महिन्याला ठरलेल्या वारी एकीने जाऊन बसावे. भाषण नको. मुलींशी खेळावे, नकाशे काढावेत. पण मुलीने विश्वासाने काही सांगितले तर "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. कायदा ते पाळू देणार नाही, आणि मुलीला फसवल्यासारखे होईल. पुढे काय काय होईल ते आधीच समजावून सांगा. हे मी चूक करून शिकले आहे.

त्या शाळेत न्हाणीघराच्या वाटेवर आता दिवा लागला आहे. तक्रारपेटी मुलींच्या खोल्यांकडे हलली. अधीक्षिकेचे पद भरावे म्हणून मुलींच्या आयांच्या सह्या आणि अंगठे गोळा करतो आहोत. कालपर्यंत एकेचाळीस झाले.