शंका घ्यायचीच तर सगळीकडे घ्या

‘तुमच्या लोकांचा विज्ञानावर विश्वासच नाही.’ शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. बोलणारे वाईट नसतात, चहाचा कप पुढे करता करताच बोलतात. मोहल्ल्यात आलं की दुसरं वाक्य तयार असतं. ‘सर, हे सायन्सवाले आज एक सांगतात, उद्या दुसरं. यांचं काय ऐकायचं?’ मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे.

आधी पहिल्याशी. ज्या समाजाचा रमजान आणि ईद चंद्राच्या कोरीवर ठरते, त्याला आकाशाबद्दल कुतूहल नाही, असं कसं म्हणता? दरवर्षी मला एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी गॅरेजवाला असतो, कधी आठवीतली मुलगी. ‘ग्रहण कधी लागणार ते सेकंदापर्यंत सांगतात, मग ईदचा चंद्र उद्या दिसेल की परवा, हे का सांगत नाहीत?’

हा अडाण्याचा प्रश्न नाही. चंद्र कधी कुठे असेल, अमावास्येचा क्षण कोणता, हे गणित अचूक सांगतं. पण ती बारीक कोर डोळ्यांना दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. सूर्य मावळताना चंद्र त्याच्यापासून किती दूर आहे, क्षितिजाच्या किती वर आहे, हवेत धूळ आणि ढग किती आहेत, यावर ते ठरतं. म्हणून काही संध्याकाळी ‘दिसणं शक्य नाही’ असं ठामपणे सांगता येतं. काही संध्याकाळी आकाश स्वच्छ असेल तर ‘दिसेलच’ असंही सांगता येतं. मधल्या काही संध्याकाळी मात्र प्रामाणिक माणूस ‘सांगता येत नाही’ एवढंच म्हणतो. हे ऐकून गॅरेजवाला पुढचा प्रश्न टाकतो, ‘मग सौदीत बहुतेक वेळा आपल्या आधी कसा?’ तिकडे सूर्य आपल्यानंतर मावळतो, तोवर चंद्राचं वय थोडं वाढलेलं असतं, हे एक कारण. असे प्रश्न विचारणाऱ्याला विज्ञानाचा शत्रू म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या दुकानात बसून पाहावं.

आता दुसरं वाक्य. ‘आज एक, उद्या दुसरं.’ यात दोष पुष्कळदा शास्त्रज्ञांचा नसतो, बातमी बनवणाऱ्यांचा असतो. जून २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीवरचा आपला १९९१ पासूनचा संशय काढून घेतला. त्याच वेळी तिने सांगितलं, की ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होत असावा. म्हणजे संशय उष्णतेवर होता, चहावर नव्हता. पण मथळा बनताना ६५ अंश गळून पडतात आणि ‘चहाने कर्करोग’ एवढंच उरतं. फुंकर मारून प्या, असं सांगायला किती जागा लागते?

त्याच्या आदल्या वर्षी याच संस्थेने सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या यादीत टाकलं. लोकांना वाटलं, दोन्हींचा धोका सारखाच. ती यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा ते सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते, असा तो अंदाज होता. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना रोग होतो असा नाही. मूळ जोखीम शंभरात पाच असेल तर ती सहाच्या आसपास जाते. सातवीच्या शेकडेवारीचं हे गणित आहे. ते न सांगता आधी लोकांना घाबरवायचं आणि मग ते विश्वास ठेवत नाहीत म्हणून त्यांनाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

आणि मत बदलणं हा विज्ञानाचा कमकुवतपणा आहे, हे तर मला मुळीच मान्य नाही. २०११ मध्ये न्यूट्रिनो नावाचे कण जिनिव्हाजवळून निघून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताना दिसले. जगभर बोभाटा झाला, आइन्स्टाइन चुकला! प्रयोग करणारे मात्र म्हणत होते, आम्ही बरंच तपासलं, आमची चूक कुठे आहे ते तुम्हीही शोधा. पुढच्या वर्षी चूक सापडली. ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. आपल्या पुढाऱ्यांपैकी, आपल्या वाहिन्यांपैकी, स्वतःची चूक शोधायला जगाला बोलावणारा एक तरी दाखवा.

लसींवरच्या शंकेलाही कारणं आहेत, हे आधी कबूल करायला हवं. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधात अमेरिकेच्या सीआयएने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये कावीळ ब च्या लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. हे उघडकीस आल्यावर पोलिओची लस पाजणाऱ्या निरपराध कर्मचाऱ्यांना जीव गमवावे लागले. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, हे अमेरिकेने २०१४ मध्ये सांगितलं. अशा गोष्टी मोहल्ल्यात पोहोचतातच. त्यांना ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकून टाकणं हा खोटेपणा आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. त्या काळातल्या एका पालकसभेत एका आईने तीन प्रश्न विचारले. माझ्या मुलीला गोवराची लस आधीच दिली आहे, मग पुन्हा कशाला? यात असतं काय? रात्री ताप चढला तर फोन कुणाला करायचा? समोरून उत्तर आलं, ‘वरून आदेश आहे. सगळ्या शाळांत चालू आहे. तुम्हालाच कशी शंका येते?’ लसीकरणाच्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही.

तिन्ही प्रश्नांना उत्तरं होती. आधीच्या लसीत बहुधा रुबेला नव्हता, आणि पहिल्या डोसाने ज्या थोड्या मुलांना संरक्षण मिळत नाही त्यांना दुसरा डोस सावरतो. फोन नंबर तर फळ्यावर लिहिता आला असता. ‘यात असतं काय’ हा प्रश्न त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंडोनेशियात उघडपणे विचारला गेला. लस पुण्यात तयार झालेली होती. तिथल्या उलेमा परिषदेने जाहीर केलं, की लस बनवताना डुकरापासून मिळणारा घटक वापरला जातो, पण दुसरा पर्याय नाही आणि लस न घेण्यात मुलांना धोका आहे, म्हणून गरजेपोटी ती घेणं जायज आहे. त्यानंतरही आचे प्रांतात फार थोड्या मुलांना लस मिळाली, हे खरं. पण निदान वाद खऱ्या गोष्टीवर झाला. आपल्याकडे तो ‘या सुईने मुलं होत नाहीत’ या अफवेवर झाला.

इथून पुढे माझं भांडण आपल्याच लोकांशी आहे.

एकाच ओट्यावर, एकाच संध्याकाळी, मी दोन गोष्टी ऐकतो. माणूस चंद्रावर गेलाच नाही, सगळं स्टुडिओतलं शूटिंग. आणि नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली म्हणून तो मुसलमान झाला. अहो, गेलाच नाही तर ऐकली कुठे? चंद्रावर हवा नाही आणि हवेशिवाय आवाज कानापर्यंत येत नाही. ही अफवा इतकी पसरली, की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना खुलासा पाठवावा लागला. तसंच ते चंद्राच्या भेगेचं छायाचित्र. ती सुमारे ३०० किलोमीटर लांबीची दरी आहे, दोन समांतर भेगांमधला पट्टा खचून झालेली. ती चंद्राला पूर्ण वेढा घालत नाही. ज्या नासाला आपण सकाळी खोटारडी म्हणतो, तिचंच छायाचित्र संध्याकाळी पुरावा म्हणून फिरवतो. ज्याला ईमान आहे त्याला नासाच्या शिक्क्याची गरज काय?

शिक्षकांच्या खोलीतल्या माझ्या मित्रांनी इथे फार हसू नये. नासाने सूर्याचा ‘ॐ’ ध्वनी टिपल्याचा व्हिडिओ तुमच्याच ग्रुपवर फिरला. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप असल्याचं तर वाहिन्यांनी सांगितलं आणि भल्या भल्या पदवीधरांनी मान डोलावली. रोग एकच आहे. नको असलेल्या बातमीला दहा प्रश्न, हव्या असलेल्या बातमीला एकही नाही.

दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमचं नाव आपण अभिमानाने घेतो. जलशाच्या भाषणात ते येतंच. त्याने टॉलेमीविरुद्ध जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच ‘शुकूक’ आहे, म्हणजे शकचं अनेकवचन, शंका. जवळजवळ नऊशे वर्षं ज्याचा शब्द खगोलशास्त्रात प्रमाण होता, त्याच्या मांडणीत कुठे विसंगती आहे हे त्याने एकेक मुद्दा घेऊन दाखवलं. तो ‘मला वाटत नाही’ म्हणून उठून गेला नाही. आपण त्याचं नाव घेतो आणि त्याचं काम टाळतो.

टाळण्याची किंमत मुलं भरतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीतून गोवराची साथ पसरली, भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण निघाले, लहान मुलं दगावली. कोविडमुळे चुकलेले डोस, कुपोषण, दाटीवाटीच्या खोल्या ही कारणं होतीच. पण नाकारलेली सुई हेही एक कारण होतं. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. तो अफवा कुणी पाठवली ते विचारत नाही.

म्हणून अधिकाऱ्यांना सांगणं आहे, सही मागण्याआधी उत्तर द्या. पत्रकारांना सांगणं आहे, ६५ अंश छापा. जुम्म्याला मिंबरवरून बोलणाऱ्यांनी आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या आम्ही शिक्षकांनी लोकांना शंका घेऊ नका असं कधी सांगू नये. कुणी सांगितलं, कशावरून सांगितलं, दुसऱ्या कुणी तपासलं का, हे तीन प्रश्न मात्र शिकवावेत. आणि ते आपल्याला आवडणाऱ्या बातमीला आधी विचारायला लावावेत.