कार्ड काढलंस का?

गळ्यात दोरीला लटकणारं आयकार्ड म्हणजे ऑफिसचं मंगळसूत्र! लंचला बाहेर पडलो तरी ते गळ्यातच. दार उघडायचं, हजेरी लावायची, कँटीनमध्ये दाखवायचं, एवढंच त्याचं काम असं आपल्याला वाटतं. पण काही ऑफिसांत हेच कार्ड मशिनमध्ये घातल्याशिवाय कॉम्प्युटर तुम्हाला ओळखसुद्धा दाखवत नाही.

आणि हा कॉम्प्युटर तरी कसा? थिन क्लायंट. नावाप्रमाणेच झीरो फिगर! एक छोटासा डबा, आत सहसा हार्ड डिस्क नाही. त्याला स्क्रीन, की-बोर्ड, माऊस जोडायचा. बाकी तुमचं मेल, एक्सेल, फाइल्स, सगळा संसार दूर सर्व्हरवर.

या जोडीचा गाजलेला हीरो म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सचा ‘सन रे’. हा १९९९ मध्ये आला. त्याला कार्डासाठी एक फट होती आणि फंडा एकदम सॉलिड होता. कार्ड घाला, काम सुरू करा. मध्येच उठायचंय? कार्ड काढा. स्क्रीनवरचं सगळं गायब, पण सर्व्हरवर काम तसंच चालू. तिसऱ्या मजल्यावरच्या भलत्याच मशिनमध्ये तेच कार्ड घाला की काही सेकंदांत तुमचं अर्धवट वाक्य हजर, सोडलं होतं तिथेच! यालाच हॉट डेस्किंग म्हणायचं. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि पुढे काही वर्षांत सन रे बंद झाला. आयडिया मात्र टिकली. परदेशातल्या बऱ्याच हॉस्पिटलांत या वॉर्डातून त्या वॉर्डात पळणारे डॉक्टर आज असंच कार्ड दाखवून आपली स्क्रीन बरोबर नेतात. अर्थात सर्व्हर झोपला, की सगळं ऑफिस एकदम चहाला!

बऱ्याच जणांना वाटतं, फाइल्स कार्डात असतात. नाही हो! सन रेचं साधं कार्ड म्हणजे टोकन. कोणाचं काम उघडायचं, ते चिपमधल्या नंबरावरून सर्व्हरला कळायचं. पक्क्या बंदोबस्ताच्या कार्डात मात्र एक गुप्त किल्ली असते आणि ती चिपच्या बाहेर कधीच येत नाही. सर्व्हर दर वेळी नवा आकडा पाठवतो. तुम्ही पिन टाकलात की चिप आतल्या आत त्यावर सही करून तो परत पाठवते. चोराला नुसतं कार्ड पुरत नाही आणि नुसता पिनही पुरत नाही. पिन ठरावीक वेळा चुकला की कार्ड स्वतःच कुलूपबंद. मोबाइलचं सिम याच कुळातलं. एटीएम कार्डावरची सोनेरी टिकलीही तीच. नुसत्या काळ्या पट्टीची कार्डं बदलायला रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली होती, ती उगीच नाही. पट्टीची नक्कल सहज होते, चिपची करणं महाकठीण.

काही ऑफिसं आणखी हुशार. दाराचं आणि कॉम्प्युटरचं कार्ड एकच ठेवतात. चहाला जायचं तर दारासाठी कार्ड हवं, म्हणजे ते मशिनमधून काढावंच लागणार, म्हणजे स्क्रीन आपोआप लॉक. विसरायची सोयच नाही!

इथपर्यंत सगळं कूल. पण साहेबांनीच कार्ड मागितलं तर?

माझी एक मैत्रीण अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा नोकरीला जेमतेम तीन महिने झाले होते. महिनाअखेर, संध्याकाळचे सात. ती बससाठी उठली तर साहेब म्हणाले, ‘‘कार्ड राहू दे मशिनमध्येच. दोन एण्ट्र्या मारतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवून देतो.’’ तिच्या पोटात गोळा आला. कन्फर्मेशनचं पत्र अजून हातात नव्हतं. तरी तिनं कार्ड काढलं नाही की दिलंही नाही. खुर्चीत परत बसली आणि म्हणाली, ‘‘सर, तुम्ही सांगा, मी मारते.’’ बस गेली. साहेब दोन दिवस घुश्श्यात!

मला विचाराल तर तिनं केलं ते शंभर टक्के बरोबर. साहेब काही लबाड नव्हते, त्यांना घाई होती. पण सहा महिन्यांनी ऑडिटवाले आले असते, तर लॉगमध्ये घाई दिसत नाही, नाव दिसतं. खुर्चीत कोण होतं हे सर्व्हरला कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं, की कार्ड तिचं आणि सही तिची. कोऱ्या चेकवर सही करून तो टेबलावर ठेवून आपण घरी जातो का?

तेव्हा बॉस, उठताना कार्ड काढा. पिन कार्डामागे चिकटवू नका. कार्ड हरवलं तर लाजत बसू नका, लगेच आयटीला फोन करा. ते जुनं कार्ड बंद करतील, तुमचं काम सर्व्हरवर शाबूत असेल. आणि कुणी कितीही गोड बोलून कार्ड मागितलं, तरी शेजारी बसून काम करून द्या, कार्ड नको. बस काय, मागून दुसरी येतेच.